सातव्या पायरीचं बटण

१

फ्यूजबाईंचं खरं नाव त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एकालाही आठवत नसेल. तंत्रशाळेत एकतीस वर्षं त्यांनी वायरिंग शिकवलं आणि दर वर्षी पहिल्या दिवशी फळ्यावर त्याच दोन ओळी लिहिल्या. पहिली ओळ अशी, की मेन बंद आणि फ्यूज खिशात. नुसता मेन स्विच खाली ओढून शिडीवर चढायचं नाही. चिनी मातीचा फ्यूज बोर्डातून उपसायचा आणि स्वतःच्या खिशात घालायचा, म्हणजे मागून कुणी दीडशहाणा येऊन मेन चालू करून गेला तरी आपल्या हातातली तार मेलेलीच राहते. दुसरी ओळ वर्गाला गमतीची वाटायची. ती अशी, की ‘टाकू नको’ कधीही म्हणायचं नाही.

खालचा माणूस विचारतो, टाकू? म्हणजे करंट सोडू का? त्यावर वरच्याने एक तर ‘टाक’ म्हणायचं, नाहीतर ‘थांब’. ‘टाकू नको’ म्हटलं की लांबून ‘टाकू’ तेवढं ऐकू जातं आणि ‘नको’ वाटेतच कुठेतरी गळून पडतं. ही अक्कल बाईंना पुस्तकातून आलेली नव्हती. फार वर्षांपूर्वी कार्यशाळेत शिडीवरचे एक सहशिक्षक नेमकं तेच ओरडले होते, आणि खाली मेनपाशी बाई स्वतः उभ्या होत्या. ते वाचले. त्यांचा उजवा हात मात्र पुन्हा कामाला आला नाही. बाई हे कुणाला सांगत नसत, फक्त फळ्यावरची ती ओळ पहिलीपेक्षा मोठ्या अक्षरात काढत.

निवृत्तीनंतर त्या एका रविवारच्या पुरवणीत घरगुती वायरिंगबद्दल लिहू लागल्या. वाचकांची पत्रं यायची. दर महिन्याला एक तरी पत्र ठरलेलं असायचं, की आमच्याकडे दिवा आपोआप लागतो आणि जातो, घरात काही आहे का? बाईंचं उत्तरही ठरलेलं होतं. आहे, सैल स्क्रू आहे.

त्यामुळे धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा त्या आधी हसल्याच. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर धाकटीने जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं घर केलं होतं. खाली स्वयंपाकघर, वर शिलाई मशीन आणि झोपायची खोली. शाळांचे गणवेश शिवायची. तिचं म्हणणं असं, की जिन्यातला दिवा ती अर्ध्यावर पोचली की जातो. वर नाही, खाली नाही, बरोब्बर अर्ध्यावर. गेल्या आठवड्यात अंधारात पाय चुकला आणि डाव्या मनगटाला प्लास्टर बसलं.

“पुढच्या वेळी मान मोडेल माझी,” ती म्हणाली. “मी सोडते हे घर, ताई.”

बाईंचं हसू जागच्या जागी विरलं. एवढ्या कष्टाने उभं केलेलं घर एका बटणापायी सोडायचं म्हणजे काय?

“थांब,” त्या म्हणाल्या. “मी येतेय.”

२

बाई पोचल्या तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि जिन्यात मात्र पूर्ण काळोख होता. चौदा पायऱ्या, दोन्ही बाजूंनी भिंत, खिडकीचं नाव नाही. डावीकडे लाकडी कठडा. पायथ्याशी अरुंद बोळ, आणि त्या बोळाच्या भिंतीवर मेन बोर्ड. बोर्डासमोर उभं राहिलं की जिना आपल्या पाठीशी येतो. बोळात उजेड यायचा तो स्वयंपाकघराच्या दारातून, आणि तोही कंजूसपणाने.

बोर्डाच्या माथ्यावर एक जादा फ्यूज तार भरून तयार ठेवलेला होता. बाईंनी भुवया उंचावल्या.

“तुझ्याच लेखात वाचलं,” धाकटी म्हणाली. “म्हटलं, बहीण सगळ्या जगाला शिकवते, आपणही शिकावं.”

बाईंना बरं वाटलं. त्यांनी खिसेवाला एप्रन चढवला, रबरी तळाचे बूट घातले (हे बूट प्रत्येक पावलाला चुईं करायचे आणि धाकटी त्यावरून त्यांना हसायची) आणि कामाला लागल्या. जिन्याची वायरिंग म्हणजे काही मोठं शास्त्र नव्हे. खाली एक बटण, वर एक बटण, दोन्हीकडे तीन-तीन तारा. दिवा कुठूनही लावा, कुठूनही घालवा. त्यांनी दोन्ही बटणं उघडून पाहिली. तारा चांगल्या, स्क्रू घट्ट, कुठे जळाल्याचा डाग नाही. वरून लावून पाहिला, खालून घालवून पाहिला. दिवा शहाण्यासारखा वागत होता.

“बघ, वैद्य आला की दुखणं पळालं,” बाई म्हणाल्या आणि वर निघाल्या.

सातव्या पायरीवर त्यांच्या उजव्या खांद्याजवळ, भिंतीत, टक असा आवाज झाला आणि दिवा गेला.

बाई जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. घाबरल्या वगैरे नाहीत. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार होता आणि त्या विचार करत होत्या, की होल्डरची पितळी पट्टी तापली की वाकते, वाकली की सुटते, सुटली की टक वाजते. पण होल्डर वर छताला होता आणि आवाज खांद्याजवळ झाला होता. जिन्यात आवाज भलतीकडून येतात, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. कठड्याला धरून त्या खाली आल्या. धाकटी स्वयंपाकघरात एका हाताने भांडी विसळत होती. खालचं बटण जसं ठेवलं होतं तसंच होतं.

त्या संध्याकाळच्या आत बाईंनी होल्डर बदलला, दोन्ही बटणं नवी बसवली आणि चहा मागितला. धाकटीने विचारलं, झालं का? झालं, असं बाई म्हणाल्या. चहा घेऊन वर जाताना सातव्या पायरीवर पुन्हा टक झालं आणि निम्मा चहा त्यांच्या पायावर सांडला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मेन बंद, फ्यूज खिशात. बाईंनी पिशवीतून मीटर काढला. तारेचा रस्ता अखंड असेल तर हे यंत्र पीं करत राहतं, रस्ता तुटला की गप्प होतं. वरची टोकं जोडून त्या खाली बसल्या आणि मीटर लावला. पीं सुरू झालं. पीं चालू राहिलं. मग भिंतीत टक झालं आणि मीटर गप्प झाला.

बाईंनी हात लावला नव्हता. घरात वीज नव्हती, ती त्यांच्या खिशात होती. पुन्हा टक. पुन्हा पीं.

त्यांना हे काय आहे ते कळलं. एकच दिवा तीन ठिकाणांहून लावायचा असेल तर दोन बटणांच्या वाटेत एक तिसरं, मधलं बटण घालतात. ते दाबलं की रस्ता तुटतो, पुन्हा दाबलं की जुळतो. मीटर सांगत होता ते हेच, की मध्ये तिसरं बटण आहे आणि कुणीतरी ते वापरतंय.

बॅटरी घेऊन त्या सातव्या पायरीवर गेल्या. उजव्या भिंतीवर बटण नव्हतं. पण डाग होता. घरातलं कुठलंही जुनं बटण पाहा, त्याच्याभोवती वर्षानुवर्षं चाचपडणाऱ्या बोटांनी रंग काळपट झालेला असतो आणि मध्ये पट्टीखालचा चौकोन स्वच्छ राहतो. इथे तसाच काळपट डाग होता, तसाच स्वच्छ चौकोन होता, आणि चौकोनात नुसती सपाट भिंत होती.

त्यांनी धाकटीला विचारलं, की इथे हात टेकवतेस का? ती म्हणाली, कठडा डावीकडे असताना मी उजवीकडे कशाला चाचपडू? शिवाय घर घेतलं तेव्हा भिंती नव्या रंगवून घेतल्या होत्या, अजून वर्षही झालेलं नाही.

बाईंनी छिन्नी लावली. चौकोनाच्या आत गिलावा फोडला, मागे अख्खी वीट लागली. पेटी नाही, पाइप नाही, तार नाही. घाईत छिन्नी निसटून त्यांचा डावा अंगठा कापला तेव्हा त्यांनी त्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळली आणि फोडत राहिल्या. पुढेही वीटच होती.

“काय आहे गं तिथे?” धाकटीने खालून विचारलं.

“काही नाही,” बाई म्हणाल्या. हे खरंच होतं, आणि तेच त्यांना आवडलं नाही.

४

मग त्यांनी ठरवलं, की नसती डोकेफोड पुरे. भिंतीतल्या जुन्या तारा ओढून काढायच्या, पाइपची दोन्ही तोंडं बुजवायची आणि भिंतीवरून डोळ्यांना दिसेल अशी पट्टी मारून नव्या तारा न्यायच्या. जे आहे ते उघड्यावर असलं की त्यात लपायला जागा राहत नाही. धाकटीला हे पटलं. पट्टीचा रंग भिंतीला शोभेल ना, एवढंच तिने विचारलं.

पाइपातून तार काढणं हे दोघांचं काम. एकाने वरून सरकवायची, दुसऱ्याने खालून ओढायची, आणि हाकेवर चालायचं. वरच्याने ‘ओढ’ म्हटलं की ओढायचं. धाकटीला एक हात होता, पण सरकवायला तेवढा पुरे. बाई खाली बसल्या, तारांची टोकं मुठीत धरली आणि वाट पाहू लागल्या.

“ओढ,” वरून धाकटीचा आवाज आला.

बाईंनी ओढलं. तार आली, आणि काय सुरेख आली. जुनी तार पाइपात चिकटलेली असते, अडते, रडवते. ही लोण्यातून सुरी यावी तशी येत होती. ओढ. बाई ओढत होत्या. ओढ. त्यांच्या मांडीशी वेटोळं साचू लागलं. जिना तिरका मोजला तर वीस फूट भरला असता. त्यांच्यासमोर चाळीस तरी फूट तार पडली होती आणि अजून येत होती. पहिले वीसेक फूट धुळीने माखलेले होते. त्यानंतरची तार स्वच्छ होती आणि किंचित कोमट लागत होती.

“अगं, बस झालं की,” बाई वर पाहून म्हणाल्या. “किती तार आहे तिथे?”

“कुठे?” धाकटीने विचारलं.

ती त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. खांद्यावर ओला टॉवेल होता आणि तोंडात कपड्यांचा चिमटा. ती परसात कपडे वाळत घालत होती. चिमटा काढून ती म्हणाली, की तू हाक मारशील म्हणून मी थांबले होते, अजून सुरुवात कशी नाही केलीस?

बाईंच्या मुठीतल्या तारेला तेवढ्यात वरून हलकेच एक हिसका बसला. विहिरीवर दोर नीट बांधलाय ना, हे पाहायला देतात तसा.

त्यांनी पक्कड घेऊन तार भिंतीलगत कापली. उरलेलं टोक आपसूक पाइपात सरकत आत गेलं. बाईंनी दोन्ही तोंडांना सिमेंट थापलं आणि हात धुतले. वयानुसार कानांवर भरवसा राहत नाही, जुनं घर तापतं-निवतं, पाइप आवाज वाहून नेतात, हे सगळं त्यांनी मनात तीनदा म्हणून पाहिलं. धाकटीला त्या काही बोलल्या नाहीत. रात्री तिने वर झोपू नये, खाली आपल्याजवळ झोपावं, एवढंच म्हणाल्या.

५

तिसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत पट्टी ठोकून झाली होती. नवी पांढरी पट्टी भिंतीवरून सरळ वर गेली होती आणि सातव्या पायरीपाशीही ती सरळच होती. नव्या तारा त्यांनी एकटीने घातल्या. खालचं बटण जोडून झालं. राहिलं फक्त वरचं.

मेन बंद, फ्यूज खिशात. त्यांनी धाकटीला बोळात बोर्डासमोर उभं केलं, ते मदतीला म्हणून नव्हे. ती नजरेसमोर असावी, एवढंच त्यांना हवं होतं. मी खाली येऊन फ्यूज हातात देईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, असं दोनदा बजावलं. धाकटीने नाक मुरडलं. ती बेचाळीस वर्षांची होती.

बाई वर जाऊन स्टुलावर चढल्या. इथून खाली पाहिलं की जिन्याच्या तळाशी धाकटीची पाठमोरी आकृती अंधुक दिसत होती, आणि तिच्या हातावरचं पांढरं प्लास्टर. बाईंनी तारांची तीन टोकं सोलली, डाव्या हातात उघडी धरली, उजव्या हातात बटण घेतलं आणि त्याचे दोन स्क्रू, कारागिराच्या जुन्या खोडीप्रमाणे, ओठांत धरले.

“टाक,” बाई म्हणाल्या.

म्हणजे, बाईंचाच आवाज तसं म्हणाला. वर्गात बोलायच्या तोच, थोडा नाकातला, घाई नसलेला. बाईंच्या ओठांत स्क्रू होते. आवाज त्यांच्या खालून, जिन्याच्या मध्यावरून आला होता.

“फ्यूज तुझ्याकडे आहे ना?” धाकटीने वळूनही न पाहता विचारलं.

“जादाचा लाव.”

धाकटीचा चांगला हात बोर्डाच्या माथ्याकडे गेलेला बाईंना दिसला. त्यांच्या डाव्या हातात तिन्ही टोकं उघडी होती आणि खिशातला फ्यूज मांडीला टोचत होता. एकतीस वर्षं ज्याच्या भरवशावर काढली त्याचा काडीचा उपयोग नव्हता. घशात ‘टाकू नको’ आलं. तेच पहिलं आलं, कुठल्याही माणसाला येतं तसं. ते त्यांनी गिळलं. टोकं सोडली, स्क्रू थुंकले आणि जीव खाऊन ओरडल्या,

“थांब!”

खाली हात थांबला.

“थांबले,” धाकटी म्हणाली.

बाईंनी भिंतीला टेकून श्वास घेतला. वेळेवर सुचलं, योग्य शब्द सुचला, त्या दिवशी कार्यशाळेत सुचला असता तर. त्यांना रडू येत होतं आणि हसूही. आता खाली जायचं, धाकटीच्या दंडाला धरायचं आणि दोघींनी मिळून या घराला कुलूप घालायचं. घर सोडते म्हणत होती तेव्हा मी तिला थांब म्हटलं, मीच म्हटलं, असं त्यांच्या मनात आलं.

“येऊ?” जिन्याच्या मध्यावरून त्यांचा आवाज म्हणाला.

“ये की,” धाकटी म्हणाली. “विचारतेस काय?”

चुईं.

सातवी पायरी. बाईंनी आपल्या पायांकडे पाहिलं. त्यांचे बूट त्यांच्याच पायांत होते आणि स्टुलावर होते.

चुईं. सहावी.

“येऊ नको” म्हणून उपयोग नव्हता. ‘नको’ या जिन्यात टिकणार नव्हतं. ‘थांब’ म्हटलं तर धाकटी थांबेल, आज्ञाधारकपणे तिथेच, पाठमोरी उभी राहील. धावत खाली जायचं तर मध्ये अंधार होता आणि जे चाललं होतं ते आधी पोचणार होतं. चुईं. पाचवी. उजेड हवा. धाकटीला दिसलं पाहिजे, म्हणजे ती पळेल. उजेड पाडणं, एवढी एकच गोष्ट बाईंना आयुष्यात नीट करता येत होती.

त्यांनी लोंबणारी तिन्ही टोकं पकडीत धरली, एकत्र पिळली, करकचून पिळली. असं केल्यावर बटणाचा प्रश्नच उरत नाही. करंट असेपर्यंत दिवा लागलेला राहतो, तो कुठल्याही बटणाने घालवता येत नाही. हे कधीही करू नये, असं त्यांनीच लिहिलेलं होतं. टोकं पकडीत तशीच धरून, सगळे नियम गुंडाळून त्या ओरडल्या,

“टाक! टाक लवकर, आणि मागे बघ!”

“अगं, एकदा काय ते ठरव,” धाकटी पुटपुटली. फ्यूज खाचेत बसल्याचा आवाज आला. मेन वर गेला.

दिवा लागला. चौदाच्या चौदा पायऱ्या लख्ख दिसल्या आणि त्या रिकाम्या होत्या. तळाशी धाकटी बोर्डाकडे तोंड करून उभी होती. बोळाच्या भिंतीच्या कडेआडून एक हात आलेला होता आणि तो तिच्या खांद्यावर टेकलेला होता. मनगटापर्यंतच दिसत होता. अंगठ्याला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

“आलीस?” धाकटी मागे न वळता म्हणाली. तिच्या आवाजात केवढं तरी समाधान होतं. “बघ, लागला की नाही? अगं, पण हात किती गार पडलाय तुझा.”

बाईंनी तोंड उघडलं. थांब म्हणावं तर दोघींपैकी कोण थांबेल, हे त्यांना कळेना. पकडीत तिन्ही टोकं घट्ट होती, एक केसभरही सुटलेली नव्हती.

टक झालं आणि दिवा गेला.